दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू: दुसरा डोळा लगेच करावा की थांबावं?

सांगलीची_लेक
नमस्कार मंडळी. आई ६९ वर्षांची, सांगलीला असते, मी ठाण्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. डॉक्टर म्हणाले उजवा आधी करू आणि सगळं ठीक असेल तर आठ-दहा दिवसांनी डावा. मावशीचं म्हणणं, एक डोळा नीट बरा होऊ दे, दुसरा दिवाळीनंतर बघू, डावा अजून पिकलेला पण नाही. आणि आई कोणाचं ऐकते ते वेगळं सांगायला नको. तिला कॉलेजपासून मायनसचा नंबर आहे, दोन्हीकडे सातच्या आसपास. शुगर आहे पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये. माझा रजेचा पण प्रश्न आहेच, दोनदा जायचं म्हणजे साहेबांचं तोंड बघायला लागतं. ज्यांच्या घरी दोन्ही डोळे झालेत त्यांनी सांगा, मधे किती दिवस गेले आणि पेशंट स्वतः खुश होते का? डॉक्टर खुश होते का ते नको, ते खुशच असतात.

निवृत्त_मास्तर
मी स्वतः पेशंट, वय ७२. ताई, तुमच्या मावशी माझ्यासारख्याच निघाल्या. मी पहिला डोळा झाल्यावर पाच महिने काढले, कारण काय तर एका डोळ्याने पेपर-टीव्ही सगळं चाललंय की. माझा नंबर मायनस आठ होता. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला लांबचं चष्म्याशिवाय स्वच्छ दिसायला लागलं, पण जुना चष्मा लावला की तोच डोळा धूसर. मग दुकानदाराने चष्म्याची उजवी काच काढून दिली. आता एका डोळ्याला सगळं मोठं दिसतंय आणि काचेतल्या डोळ्याला तेच लहान, दोन्ही चित्रं एकमेकांवर बसेनात, डोकं गरगरायचं. जिन्याची शेवटची पायरी आहे की संपली ते पाय टेकवून बघायचो, आणि चहा ओतताना धार कपाच्या बाहेर. शेवटी चष्मा काढूनच ठेवला आणि एकाच डोळ्यावर कारभार चालवला.

गंमत रंगाची. नवीन डोळ्याने सदरा बघितला तर पांढरा, जरा निळसरच, आणि जुन्या डोळ्याने तोच सदरा चहाच्या गाळण्यातून काढल्यासारखा. इतकी वर्षं मी हिला नीळ कमी पडते म्हणून बोलत होतो. ते ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

दुसरा डोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी जिना धडाधड उतरलो. मला विचाराल तर पहिल्या ऑपरेशनपेक्षा समाधान दुसऱ्याने दिलं. फक्त दुसऱ्या वेळी जरा जास्त दुखल्यासारखं वाटलं, आईला आधी सांगून ठेवा म्हणजे काहीतरी बिघडलं म्हणून घाबरणार नाही.

चष्मेवाला
मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, चष्म्याचं काम करतो, २० वर्षं झाली. मास्तरांना जे झालं ते आमच्याकडे महिन्यातून चारदा येतं. दोन डोळ्यांच्या नंबरात साधारण तीनपर्यंत फरक असेल तर बहुतेक लोक चष्म्यावर ओढून नेतात, त्याच्या पुढे अवघड. तुमच्या आईचा एक डोळा शून्याजवळ आला आणि दुसरा सातवरच राहिला तर चष्म्यात ते बसणारच नाही. त्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स हा एक उपाय आहे पण ६९व्या वर्षी पहिल्यांदा बोट डोळ्यात घालायला कोण तयार होतं. त्यामुळे कॅलेंडर बघू नका, नंबर बघा. ज्यांना मुळात नंबरच नव्हता ते मधले दोन-तीन महिने आरामात काढतात, तक्रार मायनसवाल्यांची.

आणि ते 'पिकायचं' जुनं झालं. पूर्वी आख्खा मोती बाहेर काढायचे तेव्हा थांबायचे. आता फेको म्हणजे मशीनच्या पद्धतीत तो आतच फोडून ओढून घेतात, जास्त कडक झाला तर उलट फोडायला जोर लागतो. मधे थोडे दिवस ठेवण्याचा फायदा मात्र खरा आहे, पहिल्या डोळ्याचा नंबर अंदाजापेक्षा हुकला तर दुसऱ्या डोळ्यात बसवायची लेन्स निवडताना डॉक्टर ते धरतात.

साताऱ्याची_सून_परदेशी
यूकेमधून लिहितेय. सासूबाईंच्या दोन डोळ्यांत सात महिने गेले, यादीत नंबर लागेपर्यंत. पहिल्या डोळ्यानंतर आठवडाभर इतक्या खुश की घरातली जळमटं मलाच दाखवत फिरत होत्या. नंतर सहा महिने कुरकुर. इथल्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये कमी धोका असलेल्यांना दोन्ही डोळे एकाच दिवशी करण्याचा विचार करा असं आहे, फिनलंडमध्ये तर बरेच करतात. त्यात प्रत्येक डोळा म्हणजे वेगळं ऑपरेशन धरतात, हत्यारं वेगळी, औषधांची बॅच वेगळी, कारण इन्फेक्शन दोन्हीकडे एकदम झालं तर संपलंच. क्वचित होतं, पण भीती तीच. मी विचारलं तर आमच्या डॉक्टरांनी शुगर बघून नको म्हटलं.

हळूहळू_चला
दुसरी बाजू पण ऐका. बाबांचा दुसरा डोळा दहाव्या दिवशी ठरला होता, पण पहिल्यात बुबुळाला सूज राहिली म्हणून डॉक्टरांनीच महिनाभर पुढे ढकलला आणि बरंच झालं. कारण ड्रॉप्स! नाहीतर पहिल्या डोळ्यात दिवसातून पाच वेळा चालू असताना दुसऱ्यात सहा वेळांपासून सुरुवात झाली असती, त्यात त्यांना वाटायचं बाटली एकच आहे तर दोन्हीत टाकू. बाटल्या प्रत्येक डोळ्याच्या वेगळ्याच ठेवा. आम्ही उजव्याच्या बाटल्यांना लाल रबर लावलं आणि दोन वेगळ्या डब्यांत ठेवल्या. आठ दिवस म्हणजे आठच असं नाही, पहिला डोळा तपासल्यावरच तारीख पक्की करा.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसी वाचा, बऱ्याच ठिकाणी दर डोळ्याला वेगळी मर्यादा असते आणि मंजुरी पण दोनदा घ्यावी लागते. आणि प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं असतं, आम्हाला टेबलावर झोपल्यावर आठवलं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही पण दुसरं कोणी वाचत असेल.

सांगलीची_लेक
सगळ्यांचे आभार. काल आईला फोनवर मास्तरांचं वाचून दाखवलं. पायरीचं ऐकून काही बोलली नाही, पण चष्म्याची एक काच काढावी लागेल म्हटल्यावर म्हणाली, डिसेंबरात चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे, तिथे मी एका काचेच्या चष्म्यात बसणार नाही. मावशीची दिवाळी तिथेच संपली. उजवा २ तारखेला ठरलाय, डाव्याचं आठव्या दिवशी तपासून. आता एकच, ती देवपूजेआधी डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय राहत नाही, तुमच्याकडे किती दिवस बंद ठेवली होती आणि कशी ठेवली ते सांगा.