अंबड: तीन ईएसएक्सआय होस्ट, रिन्यूअल तोंडावर. रोज वापरणाऱ्यांनीच सांगा

अंबडचा_एकटा_आयटी

मंडळी, नमस्कार. व्हीएमवेअरचं रिन्यूअल आलंय, तिथेच राहू की दुसरीकडे जाऊ, हे विचारायला आलोय. अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सचं मशीनिंग करणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं आयटी बघतोय. बघतोय म्हणजे सर्व्हरपासून गेटवरच्या थंब मशीनपर्यंत आणि शेठच्या मुलीच्या लॅपटॉपपर्यंत सगळंच. डिपार्टमेंट म्हणजे मी आणि एक ट्रेनी. तोही दर जूनला नवा.

सेटअप असा. तीन सर्व्हर, प्रत्येकात 8 कोरचे दोन प्रोसेसर. त्यांवर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय 7 (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं; असा सर्व्हर म्हणजे होस्ट), सगळं एका जागेवरून सांभाळायला व्हीसेंटर, मागे आयस्कझीवर (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) एक स्टोरेज बॉक्स. एकूण 17 व्हीएम: ईआरपी (स्टोअर, डिस्पॅच, चलन सगळं त्यावर), त्याचा एसक्यूएल डेटाबेस, दोन डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिनं तपासणारे), टॅली, फाइल सर्व्हर, हजेरी, बाकी किरकोळ. शिवाय क्वालिटीवाल्यांचं एक सॉफ्टवेअर आहे, विंडोज सर्व्हर 2008 वर, मागे यूएसबी डोंगल (लायसनची किल्ली). ते बनवणारे आता फोन उचलत नाहीत. त्या व्हीएमला मी सोमवारी हातसुद्धा लावत नाही.

लायसनचं सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे गेलं, डिसेंबरमध्ये कायमची लायसन विकणं बंद झालं. आता कोरवर वर्गणी, आणि प्रोसेसर कितीही छोटा असला तरी किमान 16 कोरचा धरायचा. नियम स्पष्ट लिहिलेला आहे, माझी तक्रार नाही. पण माझे खरे कोर 48 आणि हिशोबात 96. शेठनी कोटेशनवर बोट ठेवून विचारलं, "उरलेले 48 कुठे ठेवलेत, मला दाखव." काय दाखवणार? त्यात व्हीस्फिअर 7 चा नेहमीचा सपोर्ट 2 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणजे आहे तिथे बसून राहणंही फार दिवस जमायचं नाही.

व्हीसेंटरबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे खरंच काही नाही. भर दुपारी, दोन्ही लाइन चालू असताना, ईआरपी एका होस्टवरून दुसऱ्यावर सरकवलाय आणि स्टोअरवाल्यांना पत्ताही लागला नाही. जो काही घोळ झाला तो माझ्याच हातून झाला. तो सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच आलाय.

2022 ची गोष्ट. ईआरपीचा अपग्रेड होता, "स्नॅपशॉट घेऊन ठेवा" म्हणाले, घेतला (व्हीएमची त्या घडीची अवस्था जपली जाते, पुढचे बदल वेगळ्या फाइलीत साचत जातात). अपग्रेड नीट झाला, पेढे वाटले, स्नॅपशॉट तसाच राहिला. चार महिने. एक दिवस सकाळी सात वाजता डिस्पॅचमधून फोन: चलन निघत नाही, गेटवर तीन गाड्या उभ्या. येऊन बघतो तर ईआरपी गोठलेला, आणि व्हीसेंटरमध्ये त्या व्हीएमवर पिवळी पट्टी: डिस्कला जागा उरली नाही, रिट्राय की कॅन्सल? डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा) काठोकाठ. पुसायचं तरी काय? घाम फुटला. मग आठवलं की व्हीएम चालू असते तेव्हा तिच्या रॅमएवढी स्वॅप फाइल डेटास्टोअरवर पडलेली असते. ट्रेनिंगची 32 जीबीची व्हीएम पडून होती. ती बंद केली, तेवढी जागा सुटली, रिट्राय दाबलं, ईआरपी पुढे चालू. स्नॅपशॉट मिटवायला नंतर नऊ तास लागले, आणि ते नऊ तास मी खुर्चीवरून हललो नाही.

तर फीचरचे तक्ते नकोत, ते यूट्यूबवर ढिगाने आहेत. मला एवढंच सांगा: ज्या दिवशी पाणी नाकापर्यंत आलं त्या दिवशी तुमच्या स्क्रीनवर काय दिसत होतं, आणि तुम्ही कुठे बोट घातलंत? व्हीएमवेअरऐवजी मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही, लिनक्सवरचं प्रॉक्समॉक्स, एक्ससीपी-एनजी, काहीही चालेल. आणि हा स्टोरेज बॉक्स मी भंगारात घालणार नाही, तो शेठनी स्वतः उद्घाटन केलेला आहे.

---

सातपूर_खिडकीवाला

भाऊ, आपण शेजारीच. सहा वर्षं हायपर-व्ही, दोन होस्ट.

आधी पैशाचं. तुमच्या बहुतेक व्हीएम विंडोजच्या आहेत, म्हणजे विंडोज सर्व्हरचं लायसन तुम्हाला कुठेही गेलात तरी लागणारच. स्टँडर्डमध्ये त्या सर्व्हरचे सगळे कोर एकदा भरले, किमान 16, की दोन विंडोज व्हीएम. पुढच्या दोनसाठी पुन्हा तेवढेच. 17 चा हिशोब करून बघा, कदाचित डेटासेंटर एडिशन बरी पडेल. हायपर-व्हीचे वेगळे पैसे नाहीत ते याच अर्थाने. जी फुकट हायपर-व्ही सर्व्हर म्हणून यायची ती 2019 नंतर आलीच नाही.

रोजच्या वापरात डोक्याला ताप एकच, खिडक्या फार. व्हीएम बघायला हायपर-व्ही मॅनेजर, क्लस्टर बघायला फेलओव्हर क्लस्टर मॅनेजर, आणि हल्ली विंडोज ॲडमिन सेंटर. एक सेटिंग इथे दिसतं, दुसरं तिथे. व्हीसेंटरची सवय असेल तर पहिले दोन महिने शिव्या घालाल. नंतर पॉवरशेल शिकाल आणि खिडक्या उघडायचं बंद कराल, माझं तेच झालं.

पाणी नाकापर्यंत आलेला दिवस: पावसाळ्यात रात्री लाइट गेली, डीजी (जनरेटर) चालू झाला नाही, यूपीएस दमला, दोन्ही होस्ट आडवे. सकाळी चालू केले. होस्ट डोमेनमध्ये, आणि डोमेन कंट्रोलर त्याच होस्टच्या पोटात! डोमेनच्या अकाउंटने लॉगिन होईना, आणि लोकल ॲडमिनचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये तो फाइल सर्व्हर त्याच्याही पोटात. कपाटातल्या जुन्या डायरीत दोन वर्षांपूर्वीचा पासवर्ड सापडला आणि नशिबाने तोच निघाला. आता तो पाकिटात घालून अकाउंट्सच्या तिजोरीत आहे. तुमच्याकडेही हेच होऊ शकतं. व्हीसेंटर स्वतः व्हीएम, डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा) पण व्हीएम. होस्टचे आयपी कागदावर लिहून ठेवा.

हायपर-व्ही रेप्लिका मात्र मला मनापासून आवडलं. शेअर्ड स्टोरेज लागत नाही, 30 सेकंद, 5 मिनिटं नाहीतर 15 मिनिटांनी दुसऱ्या होस्टवर प्रत जात राहते. दोन होस्टच्या दुकानाला तेवढं पुरतं.

---

दिंडोरी_पॅकहाउस

नमस्कार दादा. द्राक्ष एक्स्पोर्टच्या पॅकहाउसमध्ये आहे, प्रॉक्समॉक्स, तीन नोड (म्हणजे तीन होस्ट). सीझनला ट्रेसेबिलिटीचं सॉफ्टवेअर अर्धा तास बंद पडलं तरी कंटेनर अडतो, त्यामुळे जे लिहितेय ते भोगून लिहितेय.

तुमच्या स्टोरेज बॉक्सपासून सुरुवात करा, कारण तिथेच लोक आपटतात. प्रॉक्समॉक्सला आयस्कझी जोडता येतं, वर एलव्हीएम (लिनक्सची डिस्क वाटणी) करून तिन्ही नोडना वाटता येतं, लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या नोडवर सरकवणं) चालतं. पण अशा शेअर्ड एलव्हीएमवर व्हीएमचे स्नॅपशॉट घेता येत नाहीत. आवृत्ती 9 मध्ये त्याची सोय आली आहे, पण ती टेक्नॉलॉजी प्रीव्ह्यू म्हणून. त्यावर मी ईआरपी ठेवणार नाही. एलव्हीएम-थिन आहे, पण ते एका नोडपुरतं, वाटता येत नाही. तुमचा बॉक्स एनएफएस (नेटवर्कवरचं फाइल शेअरिंग) देत असेल तर मार्ग मोकळा: एनएफएसवर व्हीएमची डिस्क क्यूकाऊ2 फाइल म्हणून ठेवा, स्नॅपशॉट चालतात. आमच्याकडे तसंच आहे. (आणि तुमची गोष्ट वाचून वाटलं, स्नॅपशॉट नसले तर तुमचं भलंच होईल. रागावू नका.)

आता माझा दिवस. क्लस्टर लावला, हौसेने सगळ्या व्हीएमवर एचए (एक नोड पडला की व्हीएम दुसऱ्यावर आपोआप चालू) चालू केलं. नेटवर्क एकच, एक गिगाबिटचं. त्यावरच व्हीएमची ये-जा, त्यावरच रात्रीचा बॅकअप, त्यावरच कोरोसिंक. कोरोसिंक म्हणजे नोड एकमेकांना सतत "आहेस ना?" विचारतात ते. रात्री दोनला बॅकअपने वायर भरली, उत्तरं उशिरा यायला लागली, प्रत्येक नोडला वाटलं आपण एकटे पडलो. एचए चालू असलेला नोड बहुमत गेलं की स्वतःहून रीस्टार्ट होतो, नाहीतर तीच व्हीएम दोन ठिकाणी चालू व्हायची. नियम बरोबरच आहे. पण तिन्ही नोडनी तो एकदमच पाळला. सकाळी लॉग वाचताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

उपाय साधा: प्रत्येक सर्व्हरला एक पोर्ट फक्त कोरोसिंकसाठी, एक छोटा वेगळा स्विच, आणि दुसरी रिंग, म्हणजे पर्यायी मार्ग, मुख्य नेटवर्कवर. त्यानंतर तसं पुन्हा झालं नाही. तुमचे तीन नोड आहेत म्हणजे मतं तीन, ते उत्तम. दोनच असते तर तिसऱ्या मतासाठी कुठल्यातरी छोट्या मशीनवर क्यूडिव्हाइस लावावा लागला असता.

बॅकअपला प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या डब्यावर टाका. पहिल्या वेळेनंतर फक्त बदललेले तुकडेच नेतो, त्यामुळे रात्रभर घरघर नाही. पण महिन्यातून एकदा एक व्हीएम रिस्टोअर करून, नेटवर्क तोडून, चालू करून बघा. हे मी ट्रेनीला करायला लावते आणि शेजारी बसते.

---

जुना_मेनफ्रेमवाला

सगळे सॉफ्टवेअरचं बोलताहेत, माणसाचं कोणी बोलत नाही. अंबडकर, उद्या तुम्ही पुण्याला गेलात, किंवा देव न करो आजारी पडलात, तर? व्हीसेंटर येणारा पोरगा नाशकात शोधला की सापडतो, लिनक्सच्या काळ्या स्क्रीनसमोर न घाबरणारा शोधावा लागतो आणि त्याचा पगार शेठना मान्य व्हावा लागतो. वर्गणी भरून आहे तिथेच राहणं यात कमीपणा नाही. 96 कोरचे पैसे एका पारड्यात ठेवा, तुमचे शनिवार दुसऱ्यात. आणि होस्ट कमी करता येतात का तेही बघा. 17 व्हीएमना 8-8 कोरचे सहा प्रोसेसर कशाला? 16 कोरचे चार घेतले तर हिशोबात 64 च येतात आणि सगळे खरे असतात.

---

सिडको_नाइटशिफ्ट

प्रॉक्समॉक्समध्ये लॉगिन केलं की "सबस्क्रिप्शन नाही" अशी पाटी येते. आमचे साहेब मागे उभे होते, म्हणाले चोरीचं आहे का? त्यांना समजवायला अर्धा तास गेला की फुकट वापरता येतं, पैसे सपोर्टचे आणि एंटरप्राइज रिपॉझिटरीचे (तपासलेले अपडेट जिथून येतात ती), तेही कोरवर नाही, सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसरवर. डेमो द्यायच्या आधी हे सांगून ठेवा.

---

अंबडचा_एकटा_आयटी

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. मधे सिंहस्थाच्या कामात रस्ता खणताना आमची फायबर दोनदा तुटली, त्यातच दिवस गेले.

मेनफ्रेमवाले काका, 64 चा हिशोब शेठसमोर मांडला. नवे सर्व्हर घ्यायला त्यांनी सरळ नाही म्हटलं, पण "माणसाचं" म्हणालात ते त्यांना लागलं. ट्रेनीला कायम करताहेत. हे तुमच्यामुळे.

शनिवारी आम्हाला सुट्टी असते. एक होस्ट रिकामा करून त्यावर प्रॉक्समॉक्स चढवला. 8.2 पासून ईएसएक्सआयवरून थेट आयात करायची सोय आहे, स्टोरेज जोडतो तसा ईएसएक्सआय जोडायचा आणि व्हीएम निवडायची. आधी व्हीसेंटरचा पत्ता दिला, गोगलगाय. थेट होस्टचा दिला, धावायला लागलं. पहिली हजेरीची व्हीएम घेतली. डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर (प्रॉक्समॉक्समधला आभासी डिस्क कंट्रोलर) लावली आणि निळी स्क्रीन, बूट डिव्हाइस सापडत नाही. पंधरा मिनिटं ट्रेनी माझ्या तोंडाकडे आणि मी स्क्रीनकडे. विंडोजकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही, एवढंच होतं. डिस्क साटावर लावून बूट केलं, व्हर्टआयओचे ड्रायव्हर टाकले, 1 जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडली म्हणजे विंडोज त्या कंट्रोलरला एकदा ओळखतं, मग बंद करून मुख्य डिस्क तिकडे नेली आणि बूटचा क्रम बदलला. चालू!

पण नेटवर्क नाही. नवं नेटवर्क कार्ड डीएचसीपीवर (आयपी आपोआप घेणारं), आणि जुना आयपी देताना विंडोज म्हणतं तो दुसऱ्या कार्डाला दिलाय. दुसरं कार्ड म्हणजे व्हीएमवेअरचं, जे आता नाहीच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते भूत काढलं. पुढच्या व्हीएमना निघायच्या आधीच आयपी लिहून घेतले आणि व्हीएमवेअर टूल्स तिथेच काढून टाकले, नंतर ते सुखासुखी निघत नाहीत. ईआरपीचं लायसन मॅक ॲड्रेसला बांधलेलं आहे, तो जुनाच ठेवायचाय, ते ट्रेनीने फळ्यावर लाल खडूने लिहून ठेवलंय.

2008 ची म्हातारी: तिला नवे व्हर्टआयओ ड्रायव्हर चालत नाहीत. साटा डिस्क, ई1000 नेटवर्क कार्ड, आहे तशी ठेवली. डोंगल यूएसबी पासथ्रूने (होस्टला लावलेला थेट व्हीएमला) दिला, म्हणजे ती आता त्या एका होस्टला बांधली गेली, इकडेतिकडे सरकणार नाही. ती तशीही कुठे सरकत होती!

दिंडोरीच्या ताई, बॉक्स एनएफएस देतो. अकरा वर्षांत मला माहीत नव्हतं, मॅन्युअल आज उघडलं. कोरोसिंकसाठी वेगळा स्विच पहिल्याच दिवशी लावला आणि एचए अजून बंदच ठेवलंय.

नऊ व्हीएम झाल्या. ईआरपी आणि एसक्यूएल येत्या शनिवारी, सकाळी आठला सुरू करतोय. होस्टचे आयपी आणि रूटचा पासवर्ड कागदावर लिहून अकाउंट्सच्या तिजोरीत दिलाय. सातपूरवाले भाऊ, त्या दिवशी फोन चालू ठेवा.