निवृत्तीनंतर मन एक तर मागे नाहीतर पुढे. ‘आत्ता’ राहायला नेमकं करायचं काय?

शुभदा_कोथरूड
नमस्कार मंडळी. अनुदानित शाळेतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन सुरू आहे, तब्येत बरी, मुलगा बंगळुरूला. पण सकाळी साडेदहा वाजले की अजून शाळेची घंटा डोक्यात वाजते आणि दुपारी ‘पुढे आपलं कोण करणार’ सुरू होतं. ‘वर्तमानात जगा, आयुष्याचे ऋतू स्वीकारा’ असं जो तो सांगतो. म्हणजे सोमवारी उठून काय करायचं? कृपया सुविचार नकोत, ते रोज व्हॉट्सॲपवर येतातच.

दहा_मिनिटं
ताई, आनापानापासून, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवण्यापासून, सुरुवात करा. सकाळी चहाच्या आधी, दहा मिनिटं. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले, पाठ ताठ. डोळे मिटा. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वरची जागा आहे ना, तिथे येता-जाता श्वास कळतो का एवढंच पाहायचं. श्वास मोठा करायचा नाही, मोजायचा नाही. हा प्राणायाम नव्हे. बहुतेक जण इथेच घोटाळा करतात: श्वास ओढायला लागतात आणि पाच मिनिटांत डोकं जड होतं.

मन शाळेत जाणारच. गेलं हे लक्षात आलं की परत आणायचं, चिडायचं नाही. ते परत आणणं हाच व्यायाम. ‘विचार थांबले नाहीत, म्हणजे मला जमत नाही’ असं म्हणून लोक चौथ्या दिवशी सोडतात. झोप येत असेल तर मिनिटभर श्वास थोडा जोरात घ्या, नाहीतर डोळे उघडा. जेवणानंतर बसूच नका.

गोडी लागली तर इगतपुरीच्या धम्मगिरीत किंवा पुण्याजवळ मरकळला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं. फी नाही, शिबिर संपल्यावर ऐच्छिक दान. पहाटे चारला उठणं, मौन, फोन जमा, आणि नव्या साधकांना संध्याकाळी फक्त चहा-फळं. आधी घरी महिनाभर बसून बघा, मग अर्ज करा.

एक वेगळी गोष्ट. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, झोप किंवा भूक गेली असेल, तर ध्यानाच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांकडे जा, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे.

फाईलवाला_सदाशिव
श्वासाशी माझं भांडण नाही. पण ‘पुढे कोण करणार’ हा प्रश्न अर्धा कागदाचा आहे, आणि कागद अपुरे असतील तर तो दुपारी येणारच. एक जाड फाईल घ्या.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांच्या देखत सही करायची आणि त्यांनीही तुमच्यासमोर करायची. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, उगाच वादाला तोंड फुटतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे फ्लॅट त्याचा झाला, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. नॉमिनी फक्त सांभाळणारा, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. बँक खात्याला आता चारपर्यंत नॉमिनी देता येतात.

‘शेवटी नळ्या लावून ठेवू नका’ असं वाटत असेल तर तेही लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परवानगी दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. एक प्रत मुलाकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे.

आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. विसरलात तर पेन्शन अडकते. फाईल कुठे आहे हे मुलाला सांगा. कुलूपबंद कपाटात ठेवून किल्ली लपवणारेही पाहिलेत.

बहावा
ऋतू स्वीकारायचे तर आधी एक ऋतू नीट बघा. एकच झाड निवडा, रोजच्या वाटेवरचं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच बाजूला उभं राहून दहा मिनिटं. वहीत सहा रकाने: कोवळी पालवी, पिकलेली पानं, कळी, फूल, कच्चं फळ, पिकलेलं फळ. प्रत्येकात ‘नाही’, ‘थोडं’ किंवा ‘भरपूर’. ‘सुंदर दिसतंय’ वगैरे लिहायचं नाही. फूल आहे का, हे ठरवायला मान वर करून बघावंच लागतं, तेवढा वेळ साडेदहाची घंटा वाजत नाही.

झाड निवडताना वरून विजेच्या तारा जात नाहीत ना ते पाहा, नाहीतर पावसाळ्याआधीच्या छाटणीत तुमच्या फांद्या गेल्याच. आसुपालव, म्हणजे सोसायट्यांमधला तो उंच ‘अशोक’, घेऊ नका. त्यात सुरुवातीला डोळ्यात भरण्यासारखं फार घडत नाही. काटेसावर उत्तम: हिवाळ्यात पानं गाळते, जानेवारी ते मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलं, आणि उन्हाळ्यात बोंडं फुटून कापूस उडतो. पिंपळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं बदलतो. बहावा तर खासच. शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागतं, त्यामुळे मे महिन्यात गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा आणि यंदाचे पिवळे घोस एकाच झाडावर लोंबतात.

नोंदी कोणाच्या कामी याव्यात असं वाटलं तर सीझनवॉच नावाचा देशभर चालणारा प्रकल्प आहे, तिथे झाड नोंदवून दर आठवड्याला हीच माहिती भरता येते.

शुभदा_कोथरूड
सगळ्यांचे आभार. फाईल शनिवारी काढते. बहावा, कोपऱ्यावर तुमच्याच नावाचं झाड आहे, पण आत्ता त्यावर नुसती हिरवी पानं दिसतायत. वसंतापर्यंत थांबू का? आणि मुलाकडे गेले की तीन आठवडे बुडतील, त्याचं काय?

बहावा
थांबू नका, याच आठवड्यात सुरू करा. पानांच्या आत हात-दीड हाताच्या हिरव्या शेंगा असतील, नीट शोधा. असल्या तर कच्चं फळ, ‘थोडं’. नसल्या तर ‘नाही’ ही पण नोंदच. बुडालेल्या आठवड्यांचे रकाने कोरे ठेवा, आठवून भरू नका. आणि शेजाऱ्यांना विचारूनही नाही. वही साधी दोनशे पानी घ्या, पेन्सिल बरी, पावसात शाई पसरते.