थांबला तर पाच? आपल्या ट्रायलचा नियम एकदाचा ठरवू या

चिरेखाणवाला (रत्नागिरी)

दिवाळीनंतर ट्रायल, म्हणजे दगडाधोंड्यांतून तोल सांभाळत मोटरसायकल नेण्याची स्पर्धा, घ्यायची हे नक्की. जागा लांज्याकडची बंद पडलेली चिरेखाण. मालक तोंडी हो म्हणालेत. घोडं अडलंय नियमावर.

गुणांची पद्धत नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. सेक्शनमध्ये, म्हणजे फीत लावून आखलेल्या अडथळ्यांच्या तुकड्यात, एकदा पाय टेकला की एक, दोनदा टेकला की दोन, त्यानंतर कितीही वेळा टेकला तरी तीनच. पडलात, फितीबाहेर गेलात की पाच. पाय न टेकता बाहेर आलात तर शून्य, आणि शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. प्रश्न असा की पाय न टेकता कुणी गाडी जागच्या जागी उभी केली, तोल धरला, श्वास घेतला आणि मग पुढे गेला, तर त्याला काय द्यायचं?

मी म्हणतो पाच. जागतिक स्पर्धेत २०१३ ला न थांबण्याचा नियम आणला तेव्हा त्यांची कारणं वेगळी होती, आपली वेगळी आहेत. यंदा मुंबई-पुण्याकडून दोन परदेशी ट्रायल गाड्या येणार आहेत. त्यांचं वजन सत्तर किलोच्या आसपास, सीट नाही, टाकी दोन-तीन लिटरची. अशा गाडीवरचा माणूस चिऱ्याच्या पायरीपुढे थांबतो, पुढचं चाक उचलून हवं तिथे ठेवतो, मागचं उडवून सरळ करतो आणि मग चढतो. एक्सपल्सवाल्याने १५८ किलोचं धूड तसं उडवून दाखवावं, मी जेवण घालतो. थांबायला परवानगी दिली की स्पर्धा गाडीची होते. न थांबता जायचं म्हटलं की दोघांनाही आधी चालत जाऊन लाईन बघावी लागते, कुठे गॅस द्यायचा आणि कुठे सोडायचा हे डोक्यात पक्कं करावं लागतं. ट्रायल म्हणजे मला तरी तेच वाटतं.

क्लचवायर (पनवेल)

साफ असहमत. नियम गरिबाच्या बाजूने आहे म्हणताय, आणि मार खाणार गरीबच.

जड गाडी दोन चिऱ्यांच्या मध्ये अडकली की क्षणभर थांबतेच. आज तो रायडर तोल सावरतो, फार तर एक पाय टेकतो आणि एक गुण घेऊन बाहेर येतो. तुमच्या नियमात त्याला थेट पाच. हलक्या गाडीवाल्याला न थांबता जाणंही सोपंच आहे, त्याचं काय बिघडलं?

दुसरं म्हणजे पाचाच्या भीतीने लोक वेग वाढवतात. खाणीत पडणं म्हणजे चिखलात पडणं नव्हे. जांभ्यावर ढोपर घासलं की कातडी तिथेच राहते. ट्रायलमध्ये लोक फारसे मोडत नाहीत, कारण सगळं चालण्याच्या वेगाने होतं. तेवढी एक चांगली गोष्ट कशाला घालवताय?

आणि टोनी बू बघा. २००७ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी तोच जगज्जेता. या काळात न थांबण्याचा नियम आला, त्यावर रणं माजली, पण जिंकणारा तोच. नियम बदलून गाडी आणि हातातला फरक मिटत नाही.

कुडाळचो

बाबानू, माका एक सांगा. गाडी थांबली काय नाय ता बघतलो कोण? गुण लिहूक ऑब्झर्व्हर म्हणान उन्हात बसतलो तो आमच्याच गावचो, आणि रायडर तेचोच चुलतभाव. पाय टेकलो तर सगळ्यांका दिसता. गाडी अर्धो सेकंद थांबली काय नाय, हेच्यार रात्रीपर्यंत भांडणा. गेल्या टायमाक बघलास मां? मटणाची टोपा थंड झाली, पण निकाल काय लागलो नाय.

चिरेखाणवाला

कुडाळकरांचा मुद्दा खरा आहे, टाळत नाही. उपाय असा की ऑब्झर्व्हरने रायडरच्या तोंडाकडे बघायचं नाही, पुढच्या चाकाच्या आसाकडे बघायचं. आस पुढे सरकायचा थांबला की थांबला. नक्की दिसलं नाही तर फायदा रायडरला. वाद घालायला ऑब्झर्व्हरजवळ गेलात तर पाच पक्के.

क्लचवायर, बू जिंकणारच हो. तो दगडावर सायकल घेऊन आला तरी जिंकेल. आपण आपल्या खाणीतल्या पोरांचं बोलतोय. आणि वेग वाढतो म्हणता तो सेक्शन वाईट आखला तर वाढतो. वळणं घट्ट ठेवली की पळायला जागाच उरत नाही. सेक्शन आखायचं काम मी करतो, तुम्ही आदल्या दिवशी येऊन तपासा.

आरएक्स_अजून_चालू (चिपळूण)

तुम्ही दोघं चुकीच्या दाराशी भांडताय. प्रश्न थांबण्याचा नाहीच, वजनाचा आहे.

जुना इतिहास काढतो. जॉनी ब्रिटन नावाच्या रायडरने स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल १९५२ आणि १९५७ साली रॉयल एनफिल्डवर जिंकली. तेव्हा सगळ्यांच्याच गाड्या जड होत्या, म्हणून लढत माणसामाणसांत व्हायची. मग सॅमी मिलर आला. ५०० सीसी एरियलवर तो सगळ्यांना हरवत होता, तरी त्याने ती सोडली आणि स्पेनच्या बुल्टाकोसाठी टू-स्ट्रोक २५० तयार केली. १९६५ ला तीच ट्रायल त्याने त्या हलक्या गाडीवर मारली आणि तिथून पुढे जड फोर-स्ट्रोकची सद्दी संपली. नियमाच्या एका ओळीने ते झालं नव्हतं, वजनाने झालं होतं.

आपल्याकडे २०१९ ला बुलेट ट्रायल्स शोरूममध्ये आली. वर उचललेला सायलेन्सर, मागे कॅरियर, वजन १८० किलोंच्या वर. दिसायला झकास. पुढच्याच वर्षी बंद. ती घेऊन खाणीत कोण उतरला असेल तर त्याने हात वर करावा.

तेव्हा दोन वर्ग करा. ११० किलोच्या खालचा आणि वरचा. खालच्यात परदेशी गाड्या आणि आमच्या आरएक्स १००, वरच्यात एक्सपल्स, जुनी इम्पल्स आणि बाकीच्या. थांबायचं की नाही ते मग प्रत्येक वर्गाने आपलं ठरवावं.

क्लचवायर

म्हणजे सत्तर किलोची आजची गाडी आणि तुमची १९९६ ला बंद झालेली आरएक्स एकाच वर्गात? वा. शंभर किलोच्या गाडीला मागे मोठं स्प्रॉकेट टाकलं म्हणून ती ट्रायलची होत नाही. हँडल किती वळतं ते बघा आधी. ट्रायलची गाडी जवळजवळ स्वतःच्या शेपटाला शिवते, आरएक्सला त्याच वळणावर दोनदा पाय टेकावा लागेल.

आरएक्स_अजून_चालू

टेकू. दोनच गुण ना? तुमच्या ओळखीचे परदेशी गाडीवाले लाजेपोटी पाय टेकत नाहीत आणि पाच घेऊन बसतात.

पाना_१२_१३ (खारेपाटण, गॅरेज)

वर्गाचं तुम्ही बघा. मला टायरबद्दल बोलू द्या, कारण दर वेळी दुपारनंतर रांग माझ्याकडे लागते.

कुठेतरी बघून लोक मागच्या टायरात ४-५ पीएसआय हवा ठेवतात. ते गणित ट्रायलच्या टायरचं आहे. त्याचं रबर मऊ, बाजू लवचीक, मागचा ट्यूबलेस आणि गाडी हलकी. तुमच्या ट्यूबवाल्या टायरात एवढी कमी हवा ठेवून चढावर गॅस दिलात की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि वॉल्व्ह मुळातून उपटतो. टायर रिमवर घट्ट धरणारा रिम लॉक बसवा. नसेल बसवायचा तर हवा एवढी उतरवू नका. वर चिऱ्याची धार सरळ असते, कमी हवेत रिमला पोचा पडतोच. ॲलॉय व्हीलवाल्यांनी तर येऊच नये.

आणि इंजिन बंद करणाऱ्या किल-स्विचची मनगटाला बांधायची दोरी सक्तीची करा. गाडी अंगावर पडून मागचं चाक फिरत राहतं तेव्हा त्या दोरीची किंमत कळते. नियमाच्या भांडणात हे कुणी काढलंच नाही अजून.

चाकरमानी_बोरिवली

एक सूचना. खाण बंदिस्त असते, व्हिडिओत काही दिसत नाही. राजापूरच्या सड्यावर घेतली तर? मोकळा कातळ, मागे समुद्र, ड्रोनला एकदम मस्त. नाहीतर सरळ किनाऱ्यावर.

सड्याकडली (राजापूर)

ड्रोनसाठी सडा? नको.

याच कातळांवर खोदचित्रं आहेत. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चित्रांच्या रेषा उथळ असतात, कितीतरी ठिकाणी वर माती साचलेली असते. चाकाखाली काय आलं ते रायडरला कळणारही नाही. पावसाळ्यात त्याच सड्यावर सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. दिवाळीनंतर ते वाळून गेलेले दिसतात म्हणून मोकळं रान समजू नका, पुढच्या वर्षीचं बी त्या वीतभर मातीतच असतं.

किनाऱ्याचं तर बोलूच नका. थंडीत कासवं अंडी घालायला येतात, वेळास-आंजर्ल्याला लोक घरट्यांवर पहारा देतात. टायरच्या चाकोरीत पिल्लं अडकतात आणि पाण्यापर्यंत पोचत नाहीत. शिवाय सुक्या वाळूत ट्रायलचा सेक्शन होत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?

चिरेखाणीला माझा पाठिंबा आहे. तिथला कातळ माणसाने आधीच कापून नेलाय. फक्त तळाला पाणी साठलं असेल तर त्या बाजूला फीत लावू नका, गुरं तिथे पाण्याला येतात.

आणि नियमाबद्दल विचाराल तर मी थांबू देण्याच्या बाजूची आहे. माझी उंची कमी, गाडी उंच. पाय टेकायला गेले तर दगड सापडेलच असं नाही. जागच्या जागी तोल धरायला शिकले तेव्हा कुठे माझे गुण कमी झाले. ते कसब तुम्ही पाच देऊन मारताय.

चिरेखाणवाला

हा मुद्दा आजवरचा सगळ्यात वजनदार. उंचीचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. तरी न थांबण्यावर मी ठाम आहे, कारण तोल धरण्याचं कसब सावकाश जाण्यातही लागतंच. पण नवख्यांच्या लाईनवर दोन्ही बाजूंना पाय पोचेल अशा जागा ठेवतो, तेवढं करता येईल.

सडा आणि किनारा बाद. यावर मतदान नाही.

चाकरमानी_बोरिवली

बरं, बाद. इलेक्ट्रिक चालेल का? जागतिक पातळीवर २०१७ पासून इलेक्ट्रिकची वेगळी स्पर्धा सुरू झाली. आवाज नाही, म्हणजे गावची तक्रार नाही.

पाना_१२_१३

चालेल. पण चार्जिंगला माझ्या जनरेटरची वायर मागायची नाही. तो आवाज करतो.

क्लचवायर

तडजोड सुचवतो. नवख्यांना थांबायला मुभा, जाणत्यांना थांबलं की पाच. सगळे खूश.

चिरेखाणवाला

आणि ऑब्झर्व्हर वेडा. एकाच सेक्शनवर नवख्यांच्या निळ्या बाणाला एक नियम आणि जाणत्यांच्या लाल बाणाला दुसरा? तो बिचारा एका हाताने गुणांच्या कार्डाला भोकं पाडतोय, दुसऱ्या हाताने ऊन अडवतोय. एकच नियम राहील. हवं तर पहिल्या फेरीत थांबल्याला पाचाऐवजी एक देऊ, म्हणजे सवय होईल. दुसऱ्या फेरीपासून पाच.

क्लचवायर

पहिल्या फेरीत एक आणि दुसरीत पाच, याला एकच नियम म्हणतात होय? पण चला, येतो आदल्या दिवशी. सेक्शन पळवणारा निघाला तर मी फीत हलवणार, आधीच सांगून ठेवतो.

सड्याकडली

मालकाची परवानगी तोंडी ठेवू नका, लिहून घ्या. आणि ऑब्झर्व्हर किती मिळाले? सेक्शन आखाल हो, पण उन्हात बसणार कोण ते अजून एकानेही सांगितलेलं नाही.

कुडाळचो

मी बसतंय. चुलतभावाचे गुण तेवढे दुसऱ्यान लिहूचे. आणि निकाल जेवणाच्या आधी.