वंशावळ शोधताना किती खोलात जायचं?
प्रत्येकाची जन्म, लग्न, मृत्यू अशी तिन्ही तारखांची नोंद मिळाल्याशिवाय मागची पिढी घेऊच नये, असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटलं. दहा पिढ्या मागे गेलात तर नुसते थेट पूर्वजच २०४६ भरतात (काही जण दोन्हीकडून परत भेटतात, ते सोडा). प्रत्येकाच्या तीन तारखा म्हणजे जन्म पुरायचा नाही!

मी पणजोबांच्या जन्मतारखेमागे दीड वर्ष घालवलं. तेवढ्यात आत्याआजी गेल्या. कागद कुठे पळून जात नव्हते हो, त्यांना आधी विचारायला हवं होतं. आता त्यांच्या पेटीतला एक फोटो माझ्याकडे आहे. सात माणसं, ओळखता येतात तीन. मागे पेन्सिलीने एवढंच लिहिलंय, ‘आम्ही सगळे’.