मदत हवी आहे : ‘खान्देशी’ की ‘खानदेशी’? गुगलवरचा प्रयोग अडलाय

नमस्कार मंडळी. मी जळगावची. माझ्या संकेतस्थळावर इकडच्या पाककृतींची ४० पानं आहेत. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी वगैरे. गुगल पानांचा क्रम कसा लावतं याबद्दल ऐकीव सल्ले भरपूर, म्हणून स्वतःच तपासायचं ठरवलं. नोव्हेंबरात २० पानांच्या शीर्षकात ‘खान्देशी’ केलं, उरलेल्या २० वर ‘खानदेशी’ तसंच ठेवलं. मजकूर, फोटो, लिंका, कशालाच हात लावला नाही.

सहा आठवड्यांनी सर्च कन्सोलमध्ये (गुगल शोधातून कुठल्या पानावर किती क्लिक आले ते दाखवणारं गुगलचं साधन) बदललेल्या पानांचे क्लिक चांगलेच वाढलेले! पण त्यांत भरताची पानं जास्त होती, आणि थंडीत भरताची वांगी बाजारात आली की लोक भरीत शोधतातच. मग हे शीर्षकामुळे की हंगामामुळे? वाटणी करताना हे सुचायला हवं होतं. तिथे दिसणाऱ्या, शोधनिकालांतल्या सरासरी क्रमांकावरही भरवसा वाटत नाही. पान नव्या शब्दांसाठी ४०व्या जागी दिसू लागलं तरी सरासरी क्रमांक घसरतो.

आता सारख्या हंगामाच्या पानांच्या जोड्या लावू, की शीर्षकं जुनी करून फरक पुसला जातो का ते पाहू? आणि ४० पानं पुरेशी आहेत का? कोणी असं करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.