देवगिरी पडली ती हेमाद्रीच्या व्रतांमुळे?

ताम्रपट: 'यादवांचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) याने लोकांना व्रतवैकल्यांत गुंतवले म्हणून यादवांचे राज्य बुडाले' हे अजूनही सर्रास लिहिले जाते. सनावळी लावली की ते टिकत नाही. हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी' या धर्मशास्त्रग्रंथाचा व्रतखंड महादेव यादवाच्या काळातला, म्हणजे 1261 ते 1271 मधला. त्याच महादेवाने शिलाहार सोमेश्वराचा पाडाव करून उत्तर कोकण घेतले! तेव्हा व्रते आड आली नाहीत. पराभव लष्करी होता. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी प्रयागजवळच्या कडा गावाहून एलिचपूर (अचलपूर) मार्गे देवगिरीवर आला, तेव्हा मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजा रामदेवराव गडावर गेला, तर वर नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले.

घाटमाथा: मिठाच्या गोण्या पुराव्यात धरू नका. ती हकीकत फारसी इतिहासकार फिरिश्त्याची, आणि तो तीनशे वर्षांनी लिहीत होता. 600 मण सोने, 7 मण मोती हा लुटीचा हिशेबही त्याचाच. तो 8000 स्वार सांगतो. साठेक वर्षांनी लिहिणारा दिल्लीचा इतिहासकार बरनी तीन-चार हजार स्वार आणि 2000 पायदळ म्हणतो. एवढीशी फौज राजधानीपर्यंत बिनअडथळा कशी पोचते? कारण सैन्य सामंतांकडे विखुरलेले आणि जमिनी अग्रहारांना (ब्राह्मणांना दान दिलेल्या गावांना) दिलेल्या. व्रतांचा दोष नसेल, पण दानधर्माचा आहेच. पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट पाहा: 1310 मध्ये, मांडलिक झाल्यावरही, रामदेवरावाच्या राज्यात अग्रहार दिला जातो आहे.

ताम्रपट: 'बिनअडथळा' चूक. चौदाव्या शतकातल्या इसामी या इतिहासकाराने घाटातली लढाई दिली आहे: कान्हा नावाचा अधिकारी आणि त्याच्याबरोबर लढणाऱ्या दोन स्त्रिया. ठिकाण बहुधा देवगिरीजवळचे लासूर. आणि पुरुषोत्तमपुरीच्याच ताम्रपटात रामदेवरावाने म्लेच्छांकडून वाराणसी सोडवल्याचे लिहिले आहे, 1296 चा मात्र उल्लेखही नाही. फिरिश्त्याला लावता ती कसोटी ताम्रपटातल्या प्रशस्तीलाही (राजस्तुतीलाही) लावा.

शके१२१२: दोघेही एकाच चढाईत अडकलात. 1307 च्या स्वारीनंतर रामदेवराव दिल्लीला नेला गेला आणि 'राय-ए-रायान' (राजांचा राजा) हा किताब घेऊन परतला. पुढे वारंगळ (काकतीयांची राजधानी) आणि द्वारसमुद्रावर (होयसळांची राजधानी) निघालेल्या अलाउद्दीनच्या सेनापतीला, मलिक काफूरला, रसद त्यानेच पुरवली. शंकरदेव 1313 च्या सुमारास मारला गेला आणि रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याच्याबरोबर 1318 च्या सुमारास वंश संपला. म्हणजे 'पडणे' बावीस वर्षे चालले. त्यातच काकतीय, होयसळ, पांड्य या सगळ्यांना तोच मार बसला, आणि तिथे हेमाद्री नव्हता. कारण असे हवे, जे चारही राज्यांना लागू पडेल. माझ्या मते ते आपसातले वैर. एका शेजाऱ्यावर स्वारी झाली की दुसरा वाटाड्या होत होता.

घाटमाथा: चारही राज्यांना एकच कारण लावले तर वारंगळ 1323 पर्यंत का तगले, हे सुटत नाही. तिथे काकतीय राजा प्रतापरुद्राकडे नायकांची (लष्करी सेवेच्या बदल्यात जमीन मिळालेल्या सरदारांची) बांधलेली फौज होती. देवगिरीत तशी व्यवस्था दाखवा, मी अग्रहारांचा मुद्दा मागे घेतो.