शब्दचर्चा : डेम्लो, हर्षद आणि ‘मध्य’

विचारणा : १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मराठीत वाचायची कशी? आणि तिच्याबद्दल ‘डेम्लो’, ‘हर्षद’ असे शब्द दिसले, ते कुठले?

प्रतिसाद : सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातल्या क्रमाने कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य असं चढत गेलं की सतरावं स्थान येतं ‘मध्य’. म्हणजे एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी... बोलताना मात्र सरळ ‘एकशे तेवीस कोटी कोटीच्या वर’ म्हणा, समोरच्याला निदान अंदाज येईल. हिंदीतला खरब आणि हा खर्व एक समजू नका. खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं, खरब म्हणजे अकरा.

प्रतिसाद : दोन्ही शब्द देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचे. डेम्लो हे मुंबईजवळच्या रेल्वे स्टेशनचं नाव, आजचं डोंबिवली. नुसते एक असलेल्या संख्यांचे वर्ग डेम्लो संख्यांत मोडतात; त्यांची कल्पना तिथे सुचली म्हणून संख्यांना स्टेशनचं नाव! हर्षद म्हणजे हर्ष देणारी. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती.

विचारणा : मग ही हर्षद आहे का?

प्रतिसाद : आहे. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की १५२४१५७८९९७१०४१. कारण ही नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे. नऊ एकांना ९ ने भाग जातो, वर्गाला ८१ ने जाणारच. नुसते एक असलेल्या संख्येचा वर्ग, नऊ एकांपर्यंत, घेऊन बघा : १, १२३२१ आणि ही, एवढ्या तीनच हर्षद निघतात. १२१ ची बेरीज ४, तिथेच गाडी अडते.

अवयव पाडले तर ३⁴ × ३७² × ३३३६६७². (‘अवयव पाडणे’ हाच शाळेतला शब्द, ‘गुणनखंड’ हिंदीतून येतो. तसंच ‘अभाज्य’ नको, आपली ‘मूळसंख्या’ आहे.) विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाचे विभाजक नेहमी विषमच.

प्रतिसाद : उलटसुलट सारखी वाचली जाणारी, ‘रामाला भाला मारा’सारखी. या प्रकाराचं कौतुक जुनं आहे. नवव्या शतकात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ चं वर्णन एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी असं केलंय. ती सहा एकांचा वर्ग.

विचारणा : दहा एक घेतले तर?

प्रतिसाद : हातचा येतो आणि शिडी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब! तरी कापरेकरांच्या हिशेबात तीही डेम्लोच.